मोठे बाबा, तुमचं मशीन चालू झालं

मोठे बाबा,

तुमचं मशीन चालू झालं आहे.

हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर फोन उचलल्याबरोबर हेच विचारलं असतं. दुसरं सांगायचं ते असं की, चालू झाल्यावर मी ते स्वतःच्या हाताने बंद केलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "नाही होत आहे." एक रात्र आणि जवळजवळ एक अख्खा दिवस मी हेच सांगत राहिले. त्या दिवशी तेल्हाऱ्याच्या शोभाकाकू आल्या होत्या. त्यांनाही तेच सांगितलं. तोंडावर सांगितलं.

तुमच्यावर चार चांगल्या ओळी लिही, असं बाबा म्हणाले. मेळाव्याच्या पुस्तकात तुमच्या फोटोखाली छापायच्या आहेत म्हणे. "तू शिकलेली हायेस, तुले जमते," असं म्हणून तुमच्या धाकट्या भावाने ते काम माझ्याकडे ढकललं आणि स्वतः अंगणात जाऊन बसला. मी चार ओळी लिहायला बसले, तर तुमचा स्वभाव, तुमची समाजसेवा, तुमचं हसरं व्यक्तिमत्त्व, यातलं काहीच येईना. हेच आलं. हे छापतील की नाही, मला माहीत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही वधू-वर मेळाव्याचं काम अंगावर घेतलंत. अकोला, अमरावती, अचलपूर, दर्यापूर, तेल्हारा, जिकडे जिकडे आपली माणसं आहेत तिकडच्या पोरापोरींची माहिती तुमच्या घरी यायची. कोणी हाताने लिहून आणायचं, कोणी फोनवर सांगायचं, कोणी नुसतं येऊन बसायचं आणि चहा संपेपर्यंत विषयच काढायचं नाही. तुम्ही ती माहिती तुमच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर मेळाव्याच्या पुस्तकासाठी एका एका पानात बसवायचे. त्याला तुम्ही कधी कॉम्प्युटर म्हणाला नाहीत, मशीनच म्हणाला. शिवणाच्या मशीनसारखी त्याच्यावर मोठ्या आईने शिवलेली फुलाफुलांची खोळही होती.

आणि त्या मशीनची डॉक्टर मी. का, तर मी इंग्रजी शाळेत शिकले. मी कॉमर्स केलं, अमरावतीला एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, कॉम्प्युटर दुरुस्त करायला मला कोणी कधी शिकवलं नाही. पण बिघडल्यावर मशीन इंग्रजीत बोलायचं आणि घरात इंग्रजी माझ्याकडे होतं, एवढं तुम्हाला पुरलं.

"काय दिसतंय स्क्रीनवर?" मी विचारायची.

"लिहून येऊन राहिलं काईतरी. काळ्यावर पांढरं."

"वाचा ना मोठे बाबा."

"वाचू कसा? एकेक सांगतो, तू जोड. पी. आर. ई. एस. अजून एक एस."

मी ऑफिसात टेबलाखाली वाकून, आवाज बारीक करून, अक्षरं जोडायची. कोणाला वाटलं असेल, ही मुलगी कोणाशी तरी लपून बोलते. लपून बोलतच होते म्हणा.

"ते म्हणतंय, एफ वन दाबा."

"दाबला."

"मग?"

"मंग काय, हाय तसंच हाय."

"कोणता दाबला?"

"एफ दाबला, मंग एक दाबला. दोनदा करून पाह्यलं. जोरानं बी दाबलं."

"मोठे बाबा, एफ वन हे एकच बटण असतं. सगळ्यात वरच्या ओळीत बघा."

बराच वेळ तुमचा श्वास तेवढा ऐकू आला. मग तुम्ही म्हणालात, "बाप्पा! हे कधी लावलं यायनं?"

आत्या परवा म्हणाली की तुम्ही मुद्दाम मशीन बिघडवायचे, पुतणीशी बोलायला मिळावं म्हणून. म्हणाली आणि रडायला लागली. सगळ्या बायका रडल्या. मला तसं वाटत नाही, आणि तसं न वाटल्याचं मला बायकांमध्ये बसून अवघड झालं. तुम्हाला माझ्याशी बोलायचं असायचं तेव्हा तुम्ही सरळ फोन करून, जेवलीस का, काय जेवलीस, डब्यात काय नेलं होतं, एवढं विचारून ठेवून द्यायचे. मशीन खरंच बिघडायचं. त्याची वेळ सांगणारी बॅटरी केव्हाच संपली होती आणि ती तुम्ही बदलत नव्हता. शिवाय मॉनिटरचं बटण बंद केलं की मशीन बंद झालं, असं तुम्ही शेवटपर्यंत मानत राहिलात. खालचा डबा रात्रभर घरघरत राहायचा आणि तुम्ही म्हणायचे, "फ्रीजचा आवाज हाय तो." यावर आपलं किती वेळा वाजलं. मी बंद कसं करायचं ते पुन्हा पुन्हा सांगायची आणि तुम्ही "हो हो" म्हणून पुन्हा मॉनिटर बंद करायचे.

मोठं भांडण मात्र वेगळं होतं. ते आपण कधी पूर्ण केलंच नाही.

मला त्या पुस्तकात जायचं नव्हतं. तसं मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या मानाने फारच स्पष्ट. "मोठे बाबा, माझं पान नका टाकू." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि मागच्या वर्षी अमरावतीच्या मेळाव्यात खुर्चीवर बसल्या बसल्या मी पुस्तक उघडलं, तर माझा फोटो. उंची दोन इंच वाढवलेली. 'सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष.' मला पोळी गोल लाटता येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, माझ्या हातची तुम्ही खाल्ली होती.

मग माइकवरून माझं नाव पुकारलं. पुकारणारे तुम्हीच. मी स्टेजवर गेले, माइक हातात घेतला आणि माझा आवाजच निघाला नाही. नाव सांगायचं होतं, शिक्षण सांगायचं होतं, बस. समोरच्या रांगेतली एक बाई पदराआड हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "मुकी हाय काय पोरगी?" तेव्हा तुम्ही माझ्या हातातून माइक घेतलात आणि तुमच्या शाळेतल्या आवाजात म्हणालात, "ही माझी पुतणी आहे. ती बोलते कमी, ऐकते जास्त. ज्यांच्या घरी सगळेच बोलणारे आहेत, त्यांनी विचार करावा." सगळा हॉल हसला. त्या बाईकडे मग कोणी पाहिलं नाही.

तुम्ही मला वाचवलंत. आणि तिथे उभं केलं होतंत तेही तुम्हीच. या दोन्ही गोष्टींचं काय करायचं ते मला तेव्हा कळलं नाही, अजूनही नीट कळत नाही. मी तुमच्याशी बोलणं कमी केलं. मशीनचा फोन आला की मशीनपुरतं बोलायची. अक्षरं जोडायची, बटण सांगायची, ठेवते म्हणायची. तुम्ही यावर्षीच्या पुस्तकाचं काम काढलंत तेव्हा मी विचारलं नाही की माझं पान आहे का. तुम्हीही सांगितलं नाहीत.

मग त्या सकाळी छातीत दुखतं म्हणून तुम्हाला दवाखान्यात नेलं, आणि आम्ही अमरावतीहून निघून पोचेपर्यंत तुम्ही घरी परत आला होतात, पण तसे.

आत्या सुरतहून यायची होती, म्हणून बर्फाची पेटी आणली. ती बैठकीत ठेवायची म्हणून तुमचं टेबल सरकवलं. पेटीवाला ओरडत होता, "प्लग कुठी हाय? लवकर पाहा बावा." बैठकीत एकच जाड प्लगची जागा, आणि तिथे तुमच्या मशीनची वायर. मॉनिटर काळा होता. खाली डबा घरघरत होता. तुम्ही आदल्या दिवशी नेहमीसारखा फक्त मॉनिटर बंद करून उठला असाल. ते फक्त मला ऐकू येत होतं. एक मिनिट थांबा, आधी हे नीट बंद करू द्या, एवढंच म्हणायचं होतं. पण तुम्ही पेटीत होतात आणि मोठी आई भिंतीला टेकून बसली होती. अशा वेळी कॉम्प्युटरचं बोलणारी मुलगी कशी दिसेल, याचा विचार मी केला. तुमच्या जाण्याचा नाही, मी कशी दिसेन याचा. आणि प्लग मीच ओढला.

तिसऱ्या दिवशी समितीचे वानखडे काका भेटायला आले. थोडा वेळ मान खाली घालून बसले, मग हळूच म्हणाले, "वहिनी, वेळ नाई हे बोलाची. पन पुस्तक छपाईले द्याचं हाय. सगळी पानं भाऊच्या मशीनमंदी हायेत."

मोठी आई म्हणाली, "सुतकात लग्नाचं काम नाई करत वानखडे भाऊ."

"मशीनले कायचं सुतक, वहिनी?"

"मशीन आमच्याच घरचं हाय ना?"

शेवटी मोठ्या आईनेच तोड काढली. मी मशीन फक्त चालू करून ठेवायचं, पानांना हात लावायचा नाही. वानखडे काका येतील आणि त्यांच्या हाताने पेन ड्राइव्हवर उतरवून नेतील. नाहीच चालू झालं, तर ज्यांची माहिती पुन्हा लिहून येईल तेवढ्यांचीच छापायची, असं वानखडे काका म्हणाले. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाले, "लोकायच्या पोरी अडकल्या हायेत बेटा त्याच्यात."

मी बटण दाबलं. काहीच नाही. ना दिवा, ना घरघर.

मी ते मागच्या खोलीत उचलून नेलं आणि दार लोटून घेतलं. खरं सांगू का, मला बरं वाटलं. बैठकीत तुमच्या जागी पिठावर दिवा होता आणि त्याच्याभोवती बायका बसायच्या. नवीन कोणी आलं की पहिल्यापासून रडणं सुरू व्हायचं. मला तसं रडता येत नाही. मला गळ्यात पडता येत नाही. मी कोरड्या डोळ्यांनी बसले की बायका माझ्याकडे बघायच्या. मागच्या खोलीत मात्र मला काम होतं. "बिचारी मोठ्या बापाचं काम करून राहिली," असं आत्या आल्यागेल्याला सांगायची. ते मला दाराआड ऐकू यायचं आणि मी तसंच राहू द्यायची.

आधी वायर बदलून पाहिली, तुमच्या खणातली जुनी त्याला लावली. डबा घरघरला, पण स्क्रीन काळाच, आणि आतून लांब लांब शिट्ट्या. डब्याची बाजू उघडली. आत धुळीचा जाड थर बसला होता आणि धुळीत अक्षता होत्या. दसऱ्याला मोठी आई मशीनची पूजा करायची, हळदकुंकू लावून वरून अक्षता टाकायची, त्या मागच्या फटीतून आत जायच्या. कितीतरी दसऱ्यांचे तांदूळ, काही अजून पिवळे. रंगाच्या ब्रशने ते मी झाडून काढले. रॅमची पट्टी काढली, तिचे पितळी दात तुमच्या टेबलावरच्या खोडरबराने घासले. घासताना रबराचे काळे कण पडत होते आणि मला वाटलं, तुम्ही फोनवर असता तर विचारलं असतं, "आता काय दिसून राहिलं?"

शिट्ट्या थांबल्या. मग काळ्यावर पांढरं आलं, की बूट करायला डिस्कच सापडत नाही. प्लग मी ओढला होता. डिस्क गेली असेल तर मीच घालवली. रात्रभर तेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी, बायका जेवायला बसल्या असताना, पुन्हा बाजू उघडली तर डिस्कची लाल वायर अर्धवट निघालेली. टेबल ओढताना हिसका बसला असेल. बोटाने दाबली. टक् झालं.

मशीनने एफ वन मागितला. मी दाबला. आणि तुमचा स्क्रीन समोर आला.

मुलांचं एक फोल्डर होतं आणि मुलींचं एक. मला पानांना हात लावायचा नव्हता. मी मुलींचं उघडलं आणि खाली खाली जात माझं नाव शोधलं. होतं. तोच फोटो, तीच वाढवलेली उंची, गृहकृत्यदक्ष. या वेळी तुम्ही 'मितभाषी' असंही घातलं होतं.

मला इतका राग आला, मोठे बाबा. पलीकडे दिवा होता, तुमच्या अस्थी दोन दिवसांपूर्वी नेल्या होत्या, आणि मी मागच्या खोलीत बसून तुमच्यावर दात खात होते. तुम्ही "बरं" म्हणाला होतात. दोनदा मला फसवलंत आणि आता भांडायलाही उरला नाहीत. पान काढून टाकता आलं असतं, एक बटण. पण मग वानखडे काकांनी विचारलं असतं, मोठ्या आईला कळलं असतं, बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा मशीन बंदच राहिलं तर कोणालाच काही सांगायला नको. मी ते बंद केलं. अगदी नीट, तुम्हाला शिकवायची तसं.

मोठी आई दारात आली. "झालं का व?"

"नाही होत आहे."

"राहू दे मंग. जेव."

मी जेवले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शोभाकाकू दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. तेल्हाऱ्याहून, एकट्या. तुमच्या दिव्यासमोर हात जोडले, मोठ्या आईजवळ थोडा वेळ बसल्या, आणि मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत मला म्हणाल्या, "तुमीच काय त्या, मशीन दुरुस्त करनाऱ्या?"

मी मान हलवली.

"आमच्या वैशालीचं हाय त्याच्यात. फारकत झाली तिची. म्या कोनाकडे देत नव्हती तिचं, लोकं कायबी लिहितात. गुरुजी म्हनले, मी लिहितो, तिच्या मानानं लिहितो, तू फक्त फोटो दे. दोनदा येऊन बसली होती मी त्यायच्यापाशी. आता पुन्ना कोनाले सांगू ते सगळं?"

"मशीन सुरू होत नाही आहे, काकू." माझ्या तोंडून ते किती सहज गेलं. माइकवर स्वतःचं नाव निघालं नव्हतं, हे निघालं.

मला वाटतं माझा चेहरा पडला असेल, कारण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू काहून मनाले लावून घेतं, माय? तुयाच घरचं मानूस गेलं. मशीनच हाय ते."

आणि मी रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि तेही त्यांच्यापुढे. बैठकीतल्या बायकांना हायसं वाटलं असेल. शोभाकाकू मला थोपटत होत्या, त्यांच्या बांगड्या माझ्या मानेला लागत होत्या, आणि मला तोंड वर करता येत नव्हतं. ते दुःख नव्हतं. तुम्हाला तरी खोटं सांगत नाही.

तोंड धुऊन आले तर त्या नव्हत्या. सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. उठतात आणि जातात. मी ओसरीवर आले, फाटकाशी आले, रस्ता रिकामा होता. ते विसरून मला वाटलं होतं, त्या निघताना 'येते' म्हणतील, तेव्हा मी फाटकापर्यंत सोबत जाईन आणि हळू आवाजात खरं काय ते सांगेन. म्हणजे सांगितलं असतं की नाही कोण जाणे. पण तेवढी जागा होती, ती गेली.

मी ऑटो केला. स्टँडवर तेल्हाऱ्याची बस लागलेली होती, भरलेली. त्या मधल्या खिडकीशी होत्या. मी खालून हाका मारल्या तर ऐकू जाईना. शेवटी खिडकीच्या दांड्यावर थापा मारल्या. त्यांच्याबरोबर शेजारच्या दोघी बायका, मागचा पागोटेवाला म्हातारा आणि पुढची सगळी सीट वाकून माझ्याकडे पाहायला लागली.

"काकू, मशीन चालू आहे. कालच झालं. मी खोटं बोलले तुमच्याशी."

"काय?"

पुन्हा म्हणावं लागलं. मोठ्याने. सगळ्या बसला ऐकू जाईल असं.

शोभाकाकूंनी खिडकीचा दांडा धरला. मग त्या म्हणाल्या, "मंग मले रडून काहून दाखवलं?"

शेजारची बाई म्हणाली, "कोन हाय व ही?" शोभाकाकूंनी तिला सांगितलं नाही. ड्रायव्हर चढला. बस हलली तेव्हा त्या समोर पाहत होत्या.

घरी येऊन मशीन लावलं. वैशालीचं पान उघडलं. मी त्याला हात लावला, सुतकात, मोठ्या आईला न विचारता. पानावर 'अपेक्षा' लिहिलेलं होतं आणि पुढे रिकामं. तुम्ही तिथेच उठला असाल. पानावर नंबर होता. फोन लावणं मला नेहमी जड जातं, तरी लावला. एका तरुण मुलीने उचलला. मागे कुकरच्या शिट्ट्या होत्या. मी कोण ते सांगितलं.

"आई निंगाली तथून?"

"निघाल्या. तुमच्या पानावर अपेक्षांची जागा रिकामी आहे. काय लिहायचं ते विचारायचं होतं."

"आईले इचारा ना."

"तुम्हालाच विचारते आहे."

ती मग म्हणाली, "तुमी काय लेहलं तुमच्यात?"

"मी माझं पान काढलं." खरं तर तोवर काढलं नव्हतं. बोलता बोलता काढलं.

"काढता येते काय?"

मोठे बाबा, हा प्रश्न मी तुम्हाला कधी विचारला नव्हता. मी 'टाकू नका' म्हणत राहिले, आणि तुम्ही टाकलंत की रुसत राहिले. आणि ही मुलगी, जिचं पान अडकवल्याची मला इतकी लाज वाटत होती, तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

"येतं," मी म्हटलं. "काढू का?"

कुकर गप्प झाला. "नाई. आई एवढी दोनदोनदा येऊन बसली. राहू द्या. पन काय लेहलं हाय ते वाचून दाखवा."

मी वाचलं. नाव, शिक्षण, उंची, निर्दोष घटस्फोटित.

"थांबा. ते निर्दोष कोनं लेहलं?"

"मोठ्या बाबांनी. म्हणजे गुरुजींनी."

"चांगल्या मनानंच लेहलं असन त्यायनं. पन काढा ते. म्या काय गुन्हा केल्ता, का निर्दोष लिहाव?"

मी ते खोडलं. एकेक अक्षर मागे घेत. तुम्हाला तो शब्द सुचायला वेळ लागला असेल, तुम्ही चष्मा कपाळावर चढवून बसला असाल, आणि तो लिहिला तेव्हा शोभाकाकूंनी सुटकेचा श्वास टाकला असेल. तरी खोडला. तुम्ही असता तर भांडला असता. कदाचित हरलाही असता, माझ्याशी नाही, तिच्याशी.

"अन् अपेक्षा?" मी विचारलं.

"लिहा, घरात बोलनारा पाह्यजे. घुम्या मानूस नको मले."

तुमच्या त्या जुन्या फॉन्टमध्ये कोणतं अक्षर कोणत्या बटणावर आहे, मला येत नाही. एक दाबायचं, काय उमटलं ते पाहायचं, चुकलं की पुसायचं. ती फोनवर थांबली होती. "झालं काय?" म्हणून विचारत होती. तिच्या एका ओळीला मला फार वेळ लागला.

फोन ठेवला तेव्हा मोठी आई दारात होती. दिव्यात तेल घालून आली होती, बोटं तेलकट, म्हणून हात पुढे धरलेले.

"झालं का व चालू?"

"हो. काल दुपारीच झालं होतं."

ती स्क्रीनकडे पाहत राहिली. तुमच्या अक्षरातलं काही दिसेल असं तिला वाटलं असेल. "मंग मले काहून नाई सांगतलं?"

"त्यात माझं पान होतं. मला नको होतं ते."

"मंग त्यायले सांगाचं होतं तसं."

"सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही."

मोठी आई उंबऱ्यावर बसली. हात तसेच पुढे धरून. "मायं बी नाई आयकलं कधी," ती म्हणाली. "मनाचं करत. लोकायसाठी करत, पन मनाचंच." आणि मग, "त्या तेल्हाऱ्याच्या बाईनं काय केलं होतं तुयं?"

काहीच नाही. तिने काहीच केलं नव्हतं. भांडण माझं तुमच्याशी होतं. तुम्ही होता तोवर करायची हिंमत झाली नाही, आणि तुम्ही गेल्यावर ते मी दुसऱ्याच बाईवर काढलं, जिने वर माझे डोळे पुसले.

वानखडे काका आज सकाळी पानं घेऊन गेले. मशीन नीट बंद केलं आहे. शोभाकाकूंना काल संध्याकाळी फोन लावला, तो वैशालीने घेतला आणि म्हणाली, आई बोलत नाई म्हनते. आज दुपारी पुन्हा लावला. रिंग पूर्ण वाजली. हे लिहून झालं की पुन्हा लावणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही, पण त्यांनी उचलला तर या वेळी आधी माझं नाव सांगेन.